नख रुतत नाही

सांगली, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९९६

मामंजींनी गाडीला नवे टायर घेतले. दुकानात एकेका टायरवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं आणि ज्यात ते मुळीच रुतलं नाही, तेच घेतले. दुकानदार म्हणाला, "आवं सुभेदार, कडक रबर लय टिकतं, पण निसरड्यावर धरत न्हाई." मामंजी म्हणाले, "झिजलं न्हाई म्हंजे झालं." मी शेजारीच उभी होते. तेव्हाच का नाही बोलले?

येताना माधवनगरजवळ रस्त्यावर उसाचा ओला पाला सांडलेला. मामंजींनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. आवाज न करता सरकत गेली आणि उसाच्या बैलगाडीमागे वीतभरावर उभी राहिली. "नवं हाय, रुळंल," म्हणाले.

उद्या पहाटे दोन्ही मुलांना घेऊन ते औंधला यमाईच्या दर्शनाला निघणार. पहाटे दव असतं, आणि पाला तर रस्ताभर. ह्यांना सांगितलं, तर म्हणे, "आण्णांना कोण सांगणार?"

आत्ता अंगणात जाऊन मीही टायरवर नख दाबलं. मोडलं ते माझंच. ओसरीवरून मामंजी कौतुकानं म्हणाले, "बघितलंस? हे माझ्यामागंबी ऱ्हातील."