कचरूला दिसलेले पाणी

छत्रपती संभाजीनगर,
१४ मे २०२४

प्रिय स्वरदा,

फोनवर तुझ्या कामाविषयी विचारले की तू "बरं चाललंय, बाबा" म्हणतेस आणि फोन आईकडे द्यायला सांगतेस. तुझ्या हैदराबादच्या कंपनीत रुग्णांची बोटे किती वाकतात हे मोजणारे हातमोजे तयार होतात, ही बातमीसुद्धा मला आईकडूनच कळली. तुला नीट प्रश्न विचारायचा तर आधी ती वस्तू स्वतः करून पाहावी, असे मी ठरवले आणि निवृत्तीनंतरच्या या पहिल्याच उन्हाळ्यात एक यंत्रमानव केला. मानव म्हणणे जरा धाडसाचे आहे. चपलेच्या खोक्याएवढी गाडी आहे ती, मागे दोन चाके आणि पुढे एक गोटी. आईने त्याचे नाव कचरू ठेवले, इतक्या देखण्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून. क्रांती चौकाजवळच्या दुकानदाराने सुटे भाग बांधून देताना विचारले, नातवासाठी का? मी म्हटले, लेकीसाठी.

तुला हे सारे ठाऊक आहे, तरी मला समजावून सांगू दे. समजावल्याखेरीज माझा आनंद पुरा होत नाही. कचरूच्या कपाळावर वाटाण्याएवढे दोन प्रकाशसंवेदक आहेत. ज्याच्यावर अधिक उजेड पडेल, त्याला जोडलेली मोटार अधिक जोराने फिरते. यातली गंमत अशी, की डावा डोळा उजव्या चाकाला जोडायचा आणि उजवा डोळा डाव्या चाकाला. उजेड डावीकडे असला की उजवे चाक जोर धरते आणि गाडी डावीकडे, म्हणजे उजेडाकडेच, वळते. हे न करता तारा सरळ जोडल्या, तर तीच गाडी उजेडाला पाठ दाखवून पळते. कचरूला हुकूम द्यायला एक हातमोजा घेतला; त्याच्या प्रत्येक बोटावर शेजारच्या लीलाबाईंनी अरुंद खिसा शिवून दिला. त्यात बोट वाकल्याचे ओळखणारी पातळ पट्टी सरकवली. हात उघडला की कचरू चालू लागतो, मूठ मिटली की थांबतो. हातमोजा घालण्याचा मान अर्थातच आईचा. तिचे म्हणणे असे, की तिने हात दाखवल्यावर थांबणारा या घरातला हा पहिलाच पुरुष.

तू पाहिलेली आपली कॉलनी आता ओळखणार नाहीस. बिडकीनच्या रस्त्याला शेत शोधावे लागते, सहा-सहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि नळाला पाणी आठव्या दिवशी येते. यंदा बोअरही आटली, म्हणून दर गुरुवारी कडुबा टँकर घेऊन येतो आणि गल्लीत पिंपांची रांग लागते. सगळे एकत्र जमतात म्हणून मी चाचणीसाठी तीच वेळ निवडली. गल्लीत भिंतीची सावली होती. मी टॉर्च पेटवून कचरूसमोर बसलो, आईने हात उघडला आणि कचरू गिरकी घेऊन माझ्याकडे पाठ करून निघाला. बायका हसल्या. मी ताबडतोब जाहीर केले, की तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. कडुबा पाइप धरून उभा होता.

"गाडी बिघडली नाय, सर," तो म्हणाला. "तिला पाणी दिसलं."

पाहतो तर कचरू आमच्या स्टीलच्या पिंपाला नाक लावून चाके फिरवत होता. सावली तिथे संपत होती, आणि पिंप उन्हाने असे लखलखत होते, की त्यापुढे माझा टॉर्च म्हणजे काहीच नव्हे. आईने मूठ मिटली. कचरू थांबला, आणि मीही.

फेब्रुवारी २०१३ मधले लासूर स्टेशनच्या आपल्या शाळेचे सभागृह मला आठवले. तेही दुष्काळाचेच वर्ष. शाळेची विहीर कोरडी पडली होती, म्हणून मुलांनी घरून आणलेल्या पाण्याचे स्टीलचे हंडे खिडकीखाली उन्हात मांडलेले असत. विज्ञान प्रदर्शनात तुझ्या प्लायवूडच्या गाडीने टॉर्चकडे पाठ फिरवली आणि ती खिडकीकडे निघाली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. शाळेचा विज्ञानशिक्षक स्वतःच्या मुलीची बाजू घेतो असे कोणी म्हणू नये, या भीतीने मी सर्वांदेखत सांगितले, की हिने तारा उलट जोडल्या आहेत. तू तेरा वर्षांची होतीस. "नाही बाबा, तारा बरोबर आहेत," एवढेच म्हणालीस. झाकण उघडून पाहायला अर्धे मिनिट पुरले असते. पडताळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये, हे वाक्य मी बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि त्या दिवशी पाळले नाही. त्यानंतर तू मला काहीही करून दाखवले नाहीस.

गुरुवारी टँकर गेल्यावर मी माळ्यावरून तुझी गाडी काढली आणि झाकणाचे चारही स्क्रू उघडले. डाव्या डोळ्याची लाल तार उजव्या मोटारीला, उजव्याची हिरवी डावीला; दोन्हींवर तुझ्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या. नव्या बॅटऱ्या घालून दोन्ही गाड्या एकदम सोडल्या. दोन्ही पिंपाकडे धावल्या. तुझी आधी पोचली. आईने आनंदाच्या भरात मूठ आवळली म्हणून कचरू मागे पडला, असा माझा दावा आहे. गल्लीला तो मान्य नाही.

तारा बरोबर होत्या, स्वरदा. हे फोनवर सांगता आले असते, पण चूक मी चारचौघांत केली होती, तेव्हा दुरुस्ती लेखी असावी आणि चारचौघांतच व्हावी. म्हणून हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी कडुबासकट साऱ्या गल्लीला वाचून दाखवणार आहे. आता राहिला माझा प्रश्न. हातमोज्याचे मधले बोट वाकल्याचे कचरूला जरा उशिरा कळते. त्याचे कारण मला ठाऊक आहे असे मला वाटते. म्हणूनच ते इथे लिहीत नाही. तू ये, आणि आधी उघडून पाहा.

तुझाच, झाकण उघडायला उशिरा शिकलेला,
बाबा