सीतादहीले घेतलेलं नाव

सुरभीचे बाबा,

आज काय झालं, ते तुमाले सांगितल्याबिगर मले राहवतच नाही!

कापसाच्या पहिल्या वेचणीची सीतादही आज मी केली. मी! दहीभाताची ही पूजा सवाष्णीनं कराची, म्हणून तुमी गेल्यापासून मी वावराच्या कडेले, धुऱ्यावरच उभी राहो. आज मोठ्या जाऊबाईनं वाटी माया हाती देल्ली. म्हणे, "सरकी तू लावली, निंदलं तू. मंग पूजा मी काहून करू?"

दवाखान्यातली समुपदेशक ताई सांगते, दुःख सरळ उतरत नाही. एक दिवस बरा, दुसरा वाईट, त्यात आपलं काही बिघडलेलं नसते. मनातलं दाबू नका, बोला. मले ते पुस्तकी वाटे. पण वाटी हाती आली अन् तोंडून निघालंच! त्या दिवशी वारा उलटा होता, तुमी फवारणी उद्यावर टाकत होते, मीच म्हटलं आजच उरका, अन् ते विषारी औषध तुमच्याच नाकातोंडात गेलं. दोन वर्सं हे कोणालेच सांगितलं नव्हतं.

जाऊबाई म्हणे, "अवं, औषधाचा पंप भाऊजीच्या पाठीवर मीच चढवून देल्ला होता."

दोघी पोटभर रडलो, अन् मंग दहीभात दोनदा घेऊन खाल्ला! तेवढ्यात वेचणाऱ्या बायांनी गिल्ला केला, "नाव घे, नाव घे!" तुमी होते तवा मी लाजून टाळत होती. आज साऱ्या वावराले ऐकू जाईन असं घेतलं!

वरतं सवयीनं 'सुरभीचे बाबा' लिहिलं. खोडत नाही. पण ऐकून राह्यले ना, प्रल्हाद?

तुमचीच,
शालू