तेवढी किल्ली हलवलेली नाही

दादा,

तू व्यसनमुक्ती केंद्रातून आलास आणि मी घरात नाही. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. जेवण झाकून ठेवलंय.

घर ओळखू येत नाहीये ना? सांगते. मागच्या वेळी तू येणार म्हणून मी मोठ्या हौसेने सगळं जसंच्या तसं मांडलं होतं. खिडकीजवळ तुझी खुर्ची, हाताशी तुझा जाड काचेचा ग्लास. तिसऱ्या संध्याकाळी तू त्या खुर्चीत टेकलास आणि उठून थेट दारूचं दुकान गाठलंस. मी ओरडले, "मनात आणलं असतंस तर सुटली असती. पुन्हा तोंड दाखवू नकोस." अकरा दिवस तू आला नाहीस.

परवा केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. दारू शरीरातून चार दिवसांत जाते, पण मेंदू ती जागा, ती वेळ, तो ग्लास वर्षानुवर्षं विसरत नाही. नुसतं दिसलं तरी आतून ओढ लागते, माणसाने काही ठरवायच्या आधीच. निश्चय हवाच, म्हणाल्या, पण मेंदूचा आवर घालणारा भागच दारूने दुबळा केलेला असतो. तो सावरायला वेळ लागतो.

म्हणजे सापळा मीच मांडला होता.

खुर्ची देऊन टाकली. ग्लास फोडला, मुद्दाम. तुझ्या सुतारकामाच्या पॉलिशचं स्पिरिट शेजारच्या काकूंकडे आहे. मागू नकोस, त्या देणार नाहीत.

आणि पाय घसरलाच, तर घरीच ये. आज जिथून किल्ली घेतलीस, त्याच कुंडीखाली ती रोज असेल. या घरात तेवढीच एक वस्तू मी हलवलेली नाही.

धाकटी