पात्याची सपाट बाजू

अण्णा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि आज तुमच्याशी बोलायला निमित्त काय, तर खिम्याचं मशीन. हसू नका. इथे कॅनडात, वॉनला, ऑफिसात माझ्या शेजारी एक गोरा बसतो, माझ्याच वयाचा, मनाने चांगला. दर नोव्हेंबरला तो आपल्या म्हाताऱ्या बापाला घेऊन उत्तरेकडे हरणाच्या शिकारीला जातो. इथे रीतसर परवाना मिळतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. यंदा म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून ही शेवटची खेप असं ठरलं होतं, आणि नेमकं त्याच खेपेला त्याला हरीण मिळालं. या वेळी कसायाकडे द्यायचं नाही, घरीच, बापासमोर खिमा करायचा, असं पोराच्या मनात आलं. मशीन निवडायला त्याने मला सोबत नेलं, कारण मी साधा टोस्टर घेतानासुद्धा चार वेबसाइट वाचतो, ही माझी ऑफिसातली ख्याती.

दुकानात ओळीने मशीनं मांडलेली. तो मोटर किती ताकदीची ते वाचत होता. मी त्याच्याकडे पाठ करून एकाचं पातं काढलं, धारेवर नख फिरवलं, जाळीला ते सगळीकडून टेकतं का ते पाहिलं. मशीन घेताना दांडा बघू नये, पातं बघावं, हे तुमचं. दुकानदाराने विचारलं, "आधी कधी वापरलंय?" मी म्हणालो, "नाही." आणि मित्राला ते बुटकं, जड मशीन घ्यायला लावलं. का, तर म्हणे रिव्ह्यू चांगले आहेत. आयुष्यभर बकऱ्याच्या रक्तात हात घालून तुम्ही जे कमावलंत, ते मी असं कुठल्या तरी वेबसाइटच्या नावावर खपवलं. खोटं बोलायची मला सवयच आहे म्हणा. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी "व्यापार" लिहिलं होतं. तुम्ही तो वाचलात, सही केलीत आणि एवढंच म्हणालात, "खोटं नाही लिहिलंस." तुम्ही एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आपल्या मटणाच्या दुकानावर बसलो होतो, आठवतं? बाहेर ऊन रणरणतंय, तुम्ही बर्फाच्या घमेल्यात जाळी आणि पातं बुडवून ठेवलंय, ओंडक्यावर बकऱ्याच्या मांडीवरचा पातळ पडदा नखाने सोलताय. गार मांस, गार लोखंड, शीर एकही नको. मी तोऱ्यात मशीन जोडलं. इंजिनिअर होणार होतो ना मी! दांडा फिरवला आणि जाळीतून खिम्याऐवजी लगदा यायला लागला. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, "पातं उलटं बसवलंस! सपाट बाजू जाळीकडे. उलटं बसलं की ते कापत नाही, चिरडतं." मग आवाज खाली आणून म्हणालात, "त्या जनावराने जीव दिलाय रे. त्याचा चिखल करू नये." मला तेव्हा फक्त गिऱ्हाइकं हसली तेवढंच लागलं.

तर गेल्या महिन्यातला तो शनिवार. मित्राचं गॅरेज, दार अर्धवट उघडं, थंडी मरणाची. म्हातारा घडीच्या खुर्चीवर, मांडीवर ब्लँकेट, लहान मुलासारखा खुशीत. पोरगा मशीन जोडतोय. जाळीच्या आधी पातं घालतो, उलटं. मला दिसतं. चार फुटांवर उभा आहे मी, दिसणार नाही कसं? तोंड उघडतो आणि दातखीळ बसते. ऑफिसात गेली सहा वर्षं मी सांगत आलोय, माझे वडील बिझनेसमध्ये होते. हे तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं तर? मॅन्युअलमध्ये वाचलं म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण तेही सुचलं नाही. मशीन सुरू झालं आणि लालसर लगदा परातीत पडायला लागला. पोरगा म्हणाला, हरणाचं असंच होत असेल. सगळं मांस संपेपर्यंत कोणी थांबलं नाही. म्हाताऱ्याने दोन बोटांत तो लगदा घेऊन पाहिला आणि हळूच म्हणाला, "मशीनचा दोष नाही. आतडी काढायला मलाच फार वेळ लागला, त्यात मांस खराब झालं. हे हात आता कामाचे राहिले नाहीत."

मी मशीन धुवायला घेतलं. वाटलं, तेवढंच पुण्य. पुसून परत जोडताना माझ्या हाताने पातं आपोआप सरळ बसवलं, सपाट बाजू जाळीकडे. घरी आल्यावर, खिमा बिघडल्याचं ऐकून बायकोने विचारलं, "अरे, तुला तर सगळं माहीत असतं ना यातलं? मग बिघडलं कसं?" म्हणालो, लक्ष नव्हतं.

इथवरच असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण सोमवारी मित्र ऑफिसात खूश होऊन आला. कोणी तरी त्याला दुसऱ्या हरणाची मांडी दिली होती. "तू धुऊन ठेवलं होतंस तसंच वापरलं. काय सुरेख खिमा झाला! म्हणजे मशीन उत्तम आहे, डॅडचंच चुकलं होतं. त्यांना सांगितलं मी फोन करून. म्हणाले, मला माहीतच होतं." मी मान डोलावली, अण्णा. नुसती मान डोलावली.

तुम्हाला हे सगळं लिहिताना तीन पानं भरली, हात कुठे अडला नाही. तो म्हातारा एटोबिकोला राहतो, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.