भोक पाडलेला खडा

१० नोव्हेंबर
आले एकदाची! तारळी नदीच्या काठी, मनुबाई काकींच्या घराची मागची खोली मिळाली. कॉलेजच्या भूगोल विभागात मी नवीकोरी प्राध्यापक. नदी दगड कसे वाहून नेते, हा माझा विषय. बघायला आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते चहा अर्धा टाकून उठतात. काकींनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, नदीला दुसरं काम नाही म्हणून ती दगड नेते, तुला काय झालंय? हसून हसून पुरेवाट झाली.

काकींचे यजमान, सुभेदार लालासाहेब, श्रावणात गेले. मुलगा इंद्रजित फौजेत, राजस्थानात. सोबत हवी म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. खोलीतला पलंग सुभेदारांचाच. रात्री भाकरीशी लावून खायचं वाटीभर कोरड्यास संपवलं तर लगेच दुसरी वाटी समोर. आई गेल्यापासून मला असं कुणी वाढलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर
मुलांना घेऊन नदीत उतरले. दगडाला भोक पाडायचं, आत तांदळाएवढा, प्रत्येकाचा वेगळा नंबर असलेला टॅग बसवायचा, भोक गोंदानं बुजवायचं, पिवळा रंग द्यायचा आणि दगड पुन्हा नदीत सोडायचा. पात्रात ठिकठिकाणी तारा पुरल्यात. दगड तारेवरून गेला की यंत्र नोंद करतं. तो किती जाईल हे संगणक आधी सांगतो, खरा किती गेला हे नदी सांगते, आणि दोघांचं भांडण मी वर्गात सोडवते.

घाटाच्या पायऱ्यांखाली मुठीत मावणारे गुळगुळीत दगड आयते मिळाले. समीक्षा, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, चाचरत म्हणाली, इथले नकोत मॅडम. पाणी थंड, पोरं कंटाळलेली. मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. रविवारी कुपवाडला माझ्या भावाच्या, जयराजदादाच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून आणते.

२ डिसेंबर
भोकं पाडताना एका काळ्या खड्यानं ड्रिल मोडलं आणि दादा माझ्यावर डाफरला होता. आज त्याच खड्यानं माझी फजिती केली. दगड आम्ही घराच्या बरेच खाली सोडलेत. पाणी गुडघाभर. पावसाळ्यापर्यंत एकही हलणार नाही असं संगणक म्हणतो. पण काळा खडा आधी खालच्या तारेवरून गेला, मग वरच्या. म्हणजे उलटा, पाणी येतं त्या दिशेनं. यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये, असं वर्गाला सांगून वेळ मारून नेली. बॅटरी बदलली.

९ डिसेंबर
खडा आणखी वर आलाय. हातातली अँटेना घेऊन शोधत निघाले. नदीत काहीच वाजलं नाही. वाजायला लागलं ते आमच्या मागच्या पायरीवर.

उंबऱ्यावर ओली वाळू होती. काकी ती झाडत होत्या आणि गुणगुणत होत्या. म्हणाल्या, पहाटे ह्यांचा खोकला ऐकला. स्वप्न असेल, असं मी म्हटलं. पण तो खोकला मीही ऐकला होता. माझ्या उशाशी.

११ डिसेंबर
आज घाटावर कुणाचा तरी दहावा होता. खिडकीतून दिसत होतं. पिंडाला कावळा शिवला, मग थोरल्या मुलानं कपड्यात बांधलेला खडा काढला आणि पाण्यात सोडला. मी दगड उचलले नेमके तिथेच.

जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस ज्यात राहतो, तो. आईच्या वेळी घरात मी स्वतः त्याच्यापुढे दिवा लावला होता. आणि सुभेदारांच्या खड्याला मी ड्रिलखाली धरलं. माझी मलाच शिसारी आली.

काकींचे पाय धरले, सगळं सांगितलं, खडा परत सोडू म्हटलं. त्यांनी शांतपणे पदराची गाठ सोडली. काळा खडा. पिवळा रंग निम्मा गेलेला, भोक उघडं.

"ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवत न्हवता, पोरी," त्या म्हणाल्या. "इंद्रजितनं हात जोडलं, भावकीनं जोडलं, तरी बसंना. मग मीच मनात म्हणलं, तुमी व्हा म्होरं, मी मागनं येते. तवा शिवला."

मग हसल्या. "न्ह्यायला आल्यात. आता न्हाई कसं म्हणू?"

१२ डिसेंबर
इंद्रजितला फोन केला. तो निघालाय, परवा पोचेल. तोवर काकींना एकटं सोडणार नाही, असा शब्द दिला. त्या आंघोळीला गेल्यावर खडा डोहात लांब फेकून आले.

दुपारी गाठीत पुन्हा होता.

१३ डिसेंबर
काकी जेवत नाहीत. पावलं सतत ओली. भोकातून वारं शिरतं, ह्यांना गार लागतं, असं म्हणतात. मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसले. मला ही बाई हवी आहे. बस्स.

१४ डिसेंबर
दाराला आतून कुलूप. किल्ली माझ्या मुठीत, त्यांचा हात माझ्या हातात. दुपारी क्षणभर डोळा लागला—

कुलूप तसंच. किल्ली तशीच. हात नाही.

यंत्रावर काळा खडा खाली गेल्याची नोंद.

डोहात सापडल्या. इंद्रजितची गाडी तेव्हा साताऱ्यात पोचली होती.

२३ डिसेंबर
काकींचा दहावा. कावळा शिवेना. ऊन चढलं. इंद्रजितनं लग्न करतो म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. भावकी दमली. झाडावर कावळे गप्प बसून—

मग इंद्रजित माझ्याकडे वळला. म्हणाला, "मॅडम, तुमी काय तरी बोला. आईचा जीव तुमच्यात हुता."

मी ओठ घट्ट मिटले. काही म्हणायचं नाही, मनातसुद्धा नाही. पण भाकरी, ते तेल लावलेले पाय, आणि आईच्या खड्यापुढे लावलेला तो दिवा— मनच ते—

कावळा लगेच बसला. सगळे सुटल्यासारखे हसले. इंद्रजितनं मला हात जोडले.

आता घरात मी एकटीच आहे. मागच्या पायरीवर पाऊल वाजलं. ओलं. काकी हाक मारतायत, ताट वाढल्यावर मारायच्या तशीच. मी मागनं येते म्हटलं खरं, पण इतक्यात नव्हतं म्हटलं, काकी, इतक्यात न—