माझ्या सिनेमातला एकटा माणूस

२ सप्टेंबर, सोमवार
सिनेमा काढायचं नक्की. वीस मिनिटांचा. विषय : यंत्रयुगातलं प्रेम आणि एकटेपणा. तैवानमधल्या आमच्या शिन्चूत निम्मी माणसं चिप बनवतात आणि उरलेली मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, त्यामुळे विषय हाताशीच आहे. शिवाय मी याकडे तटस्थपणे बघू शकतो. मी एकटा नाही. अकरा वर्षं एकटा राहतो, एवढंच.
नायक : पंचेचाळिशीचा इंजिनीअर. मोबाइलमधल्या एका आवाजाच्या प्रेमात पडतो. भूमिका मीच करणार. नट शोधायला वेळ नाही.

५ सप्टेंबर
यंत्राचा आवाज फार गोड निघाला. कारखान्यासमोर मीटबॉलचं सूप विकणाऱ्या फांगबाईंना विचारलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आवाज किंचित बसका, छान. म्हणाल्या, "मला 'कोथिंबीर घालू का?' एवढंच बोलता येतं." तयार झाल्या.

१० सप्टेंबर, दुपारी ३
पहिलं रेकॉर्डिंग. वाक्य होतं, "आज जेवलास का?" बाईंनी नीट म्हटलं आणि मग मला विचारलं, "खरंच, जेवलात का?" हे संहितेत नाही, असं सांगितलं.
पुढचं वाक्य : "मी सदैव तुझ्यासाठी उपलब्ध आहे." बाई म्हणाल्या, "असं कोण बोलतं, इंजिनीअर साहेब? मला सोमवारी सुट्टी असते, असं लिहा." मोबाइलमधल्या आवाजाला सुट्टी नसते, हे समजावलं. तरी सोमवारचं तीनदा म्हणाल्या. मेहनती आहेत.

१५ सप्टेंबर
परवा चंद्रोत्सव. इथल्या रिवाजाप्रमाणे फांगबाईंच्या गच्चीवर मांस भाजायला शेगडी लावणार आहेत. त्यांचे भाऊ-वहिनी येणार, मलाही बोलावलं. नाही म्हटलं. त्याच संध्याकाळी मुख्य प्रसंग आहे : सणाच्या दिवशी नायक एकटाच नूडल्स खातो. बाई म्हणाल्या, "मग नायकालाच पाठवा की!" विनोद बरा करतात.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी ७
प्रसंग झाला. चार टेक, चार पाकिटं नूडल्स. गच्चीगच्चीवरून निखाऱ्यांचा धूर येत होता, खाली कोणीतरी हसत होतं. चौथ्या टेकला डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे. पण कॅमेऱ्यात उत्तम आलंय.

२८ सप्टेंबर
संकलन चालू. दुपारी सूप प्यायला गेलो. श्यू नावाचा एक बसड्रायव्हर बाईंची मोठी पातेली उचलत होता. भावाचा मित्र. त्या दिवशी गच्चीवर ओळख झाली म्हणे. बाई हल्ली जास्त हसतात. सिनेमात काम केलं की माणसाचा आत्मविश्वास वाढतो.

५ ऑक्टोबर
शहराच्या लघुपट स्पर्धेत सिनेमा पाठवला. विभाग : प्रेमकथा. भाषण लिहून ठेवलं. आभार आधी फांगबाईंचे.

२१ ऑक्टोबर
तिसरं बक्षीस! विभाग : माहितीपट.
परीक्षकांचा शेरा : "दिग्दर्शकाने स्वतःचं आयुष्य जराही आडपडदा न ठेवता दाखवलं आहे."
लगेच स्पर्धेच्या आयोजक संस्थेला फोन केला. म्हटलं, ही कल्पित कथा आहे. संस्थेतल्या बाईंनी विचारलं, मग तो माणूस कोण? म्हटलं, नट. त्या म्हणाल्या, "बरं. परीक्षक म्हणत होते, त्या माणसाला कोणीतरी जेवायला बोलवायला हवं." विभाग दुरुस्त करण्याबद्दल उद्या कळवा म्हणाल्या. कडक पत्र लिहायला घेतलं.

२२ ऑक्टोबर
फांगबाईंना बातमी दिली. हात पुसून अभिनंदन केलं. "समारंभाला श्यूंना आणलं तर चालेल?" म्हटलं, अवश्य, प्रेक्षक हवेतच.
सूप देताना म्हणाल्या, "तो माणूस मला आवडला होता हो."
विचारलं, कुठल्या प्रसंगात?
"सिनेमात नाही," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.
सूप संपवलं. पत्र फाडलं. संस्थेला फोन करून सांगितलं, माहितीपटच राहू द्या.