दुसरी टाकी

औंढा,
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८६६

चि. द्वारकेस आशीर्वाद. वसमतला तुझ्या माहेरची सगळी खुशाल असतील. इथे म्हैस व्याली, पारडी झाली. तूर फुलावर आहे.

आषाढातली ती सकाळ आठवते का? तू जातं पुसत होतीस, मी ज्वारी निवडत होते. मधेच सूप बाजूला सारून मी रामकिशनला पत्र लिहायला घेतलं. त्याच्याच जुन्या अंकलिपीवरून मी अक्षरं शिकले. विमान चालवणाऱ्या लेकाला आपल्या हाताने पत्र लिहिते, याचा मला केवढा ताठा होता ते तू पाहिलंस. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते : श्रावणाचे चारही सोमवार निर्जळी कर, नागनाथ तुला वर सांभाळेल. तू हात न थांबवता म्हणालीस, "आत्याबाई, पानी तरी पिऊ द्या त्यायला."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

परवा रविवारी मोहियोद्दीन आला होता. हिंगोलीचाच, रामकिशनच्या विमानाचं यंत्र बघायचा. रजेवर आला आहे. ओट्यावर बसला, पण नजर वर करीना. सरकारी पत्रात अपघात एवढाच शब्द होता, म्हणून मीच विचारलं, यंत्र बिघडलं होतं का.

"यंत्र बराबर होतं, अम्मा. मीच तपासलं होतं."

मग त्याने समजावून सांगितलं. त्या विमानाला तेलाच्या दोन टाक्या. एक सरत आली की मूठ फिरवून दुसरी लावायची. रामकिशन नव्या पोरांना हेच शिकवायचा. तो तिसरा सोमवार. सकाळी एक फेरी झाली, भर उन्हात दुसरीची तयारी. रामकिशनने एकच गोष्ट तीनदा विचारली. मोहियोद्दीनने चहा पुढे केला तर हसून म्हणाला, आईला शब्द दिलाय. उपास असेल तर डॉक्टरला सांगायचं असा तिथला नियम आहे. सांगितलं असतं तर त्या दिवशी उडू दिलं नसतं, म्हणून त्याने सांगितलं नाही. वर गेल्यावर यंत्र बंद पडलं. मूठ पहिल्याच टाकीवर होती.

"दुसरी टाकी गच्च भरलेली होती, अम्मा."

द्वारका, त्यानंतर तो किती वेळ बोलत होता कोण जाणे. त्याचे ओठ हलताना दिसत होते. शेकडो वेळा फिरवलेली मूठ ती. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, विसरलाच कसा? तो म्हणाला, "रोज्यात आमचंबी डोकं असंच होतं. हात म्हनतो केलं, आन् केलेलं नसतं."

तेराव्याला भरल्या ओसरीत मी म्हणाले की हिचा पायगुण माझ्या लेकाला बाधला. तू मान खाली घालून उभी होतीस. पाण्याचं बोलणं काढलं असतंस तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. तू काढलं नाहीस. तुझ्या वडिलांनी गाडी जुंपली आणि तू गेलीस. पुढे त्याच बोलण्यावरून तुझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक मोडल्याचं कानावर आलं, तरी मी गप्प बसले.

आता खरं लिहिते. टाकीचं मला परवा कळलं. पण तार आली तेव्हाच, तो गेला तो दिवस सोमवारचा, हे माझ्या मनात आलं होतं. ते वर येऊ नये म्हणून मी तुझं नाव घेतलं.

मोहियोद्दीन गेल्यावर मी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्तिकातला सोमवार, देवळात गर्दी. तेराव्याला आलेल्या बहुतेक बाया तिथे होत्या. मी मंडपात उभी राहिले आणि लेकाला तहानलेला कुणी ठेवला ते सांगितलं. शेजारची रूपाबाई माझा दंड धरून म्हणाली, "देवाच्या दारात काहून असं बोलून राहिली?" तिला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. वसमतहून आलेल्या दोघी होत्या. त्यांना तुझ्या वडिलांचं नाव सांगून तिसऱ्यांदा सांगितलं.

रामकिशनची आई,
मंजुळा